३१ मार्चपूर्वी उपकेंद्राचा हिशेब

सर्व आरोग्यसेविका ताईंना,

अबंधित निधीची (उपकेंद्राच्या किरकोळ गरजांसाठी मिळणाऱ्या पैशांची) रोकडवही ३१ मार्चपूर्वी बँकेच्या पासबुकाशी जुळवून घ्या. पावतीची झेरॉक्स त्याच दिवशी काढा. गेल्या वर्षी माझी फिनेलची पावती पांढरीफटक पडली, आकडा दिसेना. पैसे मी पदरचे भरले. या निधीतून पगार वा वाहनखरेदी चालत नाही, हे समितीच्या सदस्यांनाही सांगून ठेवा.

मुदत लवकर संपणारी औषधं पुढे मांडा.

लसीकरणाला निघताना व्हॅक्सिन कॅरियरमधले (लसी नेण्याच्या थंड पेटीतले) चारही आईसपॅक कानाशी धरून हलवा. आत पाणी वाजलं पाहिजे. कडक गोठलेले ठेवले तर पेंटाव्हॅलंट ही पाच रोगांवरची लस गोठून निकामी होते आणि बाळाला नुसतीच सुई टोचली जाते. तेवढं कृपा करून होऊ देऊ नका.

ज्यांच्या हिशेबावर सरपंचांच्या सह्या राहिल्या असतील त्यांनी शुक्रवारपर्यंत घ्याव्यात.