गीझरचा कटआउट वगळणे धोक्याचे

महोदय,

विश्रामबाग, सांगली येथील आमच्या घरचा २५ लिटरचा गीझर गेल्या महिन्यात पाणी उकळेपर्यंत तापू लागला, तेव्हा बोलावलेल्या कारागिराने थर्मल कटआउट (पाणी अति तापले की वीज तोडणारा आणि म्हणून वारंवार वीज तोडत असलेला भाग) वगळून तारा थेट जोडल्या आणि ‘आता बंद पडणार नाही’ असे सांगून पैसे घेतले. खरा दोष ठरलेल्या तापमानाला वीज बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटचे पॉइंट (वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) चिकटल्याचा होता. कटआउट केवळ आपले काम करीत होता. तो वगळल्यावर टाकीतील दाब सोडायला सेफ्टी व्हॉल्व्हच काय तो उरतो, आणि आमचा व्हॉल्व्ह क्षाराने जाम झालेला निघाला. दुसऱ्या जाणकाराने टाकी उघडली, तेव्हा बोअरच्या जड पाण्यामुळे पाणी तापवणाऱ्या एलिमेंटवर पांढरा थर चढलेला दिसला, तर टाकीऐवजी स्वतः गंजावा म्हणून बसवलेल्या मॅग्नेशियमच्या दांड्याची नुसती तार उरली होती. हे सर्व भाग गास्केटसह बदलून तापमान ६० अंशांवर ठेवले आहे. (आजीच्या तांब्याच्या बंबाला यातले काही लागत नसे, पण तो बंदिस्त नव्हता.) दुरुस्ती करणाऱ्यांनी बदललेले जुने भाग ग्राहकाच्या हाती द्यावेत आणि कटआउट चालू असल्याचे बिलावर लिहावे, ही विनंती.

– एक वाचक, सांगली