पाणचक्कीचे चाक जपले, पाटाचे काय?

संपादक महोदय,

मुलीकडे इंग्लंडला गेलो होतो, तेव्हा शेफील्ड शहरात पोर्टर नावाच्या ओढ्याकाठी बराच भटकलो. माळरानातून निघालेला हा ओढा झाडीतून उतरत शहरात येतो. अंगाने अगदी किरकोळ, आपल्याकडे कुणी त्याला नदी म्हणणार नाही. पण चाकू-सुऱ्यांना धार लावणाऱ्या पाणचक्क्यांची याच्या काठी रांगच होती. आज धड उभी आहे ती 'शेफर्ड व्हील'. सुमारे साडेपाच मीटर व्यासाचे तिचे चाक 1930 पर्यंत कामात होते आणि दुरुस्तीनंतर 2012 मध्ये ती लोकांसाठी पुन्हा उघडली. आत दगडी चाकांवर ओणवे बसून लोक पाती घासत. कोरड्या घासकामात उडणारी दगडाची धूळ छातीत जाई आणि कारागीर ऐन उमेदीत खोकून मरत. हे चाकाकडे नुसते बघून कळत नाही.

बाकी बहुतेक चक्क्यांच्या इमारती गेल्या, पण पाण्याची व्यवस्था बऱ्याच ठिकाणी शाबूत आहे. वर बंधारा, तिथून ओढ्याला समांतर, पण उतार कमी ठेवून काढलेला पाट, मग साठवणीचे तळे. पाट फारसा उतरत नाही, ओढा मात्र उतरत जातो. तळ्यापाशी दोघांत जो फरक पडतो, तीच चाकाची ताकद. वरच्या चक्कीने सोडलेले पाणी खालचीला मिळे. उन्हाळ्यात तळे भरेपर्यंत काम बंद. एके ठिकाणी कोरडा पाट पाचोळ्याने बुजला होता, तरी काठाचे घडीव दगड एका रेषेत होते. तळ्यांवर आता बदके पोसली जातात, तो भाग वेगळा!

हे लिहायचे कारण छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की. आपण हौद पाहतो, उंचावरून पडणारी धार पाहतो, फोटो काढतो आणि निघतो. खरी करामत आहे ती शहराबाहेरच्या डोंगरातून जमिनीखालून खापरी नळांनी पाणी आणणाऱ्या नहरीची. ते पाणी वर चढवून खाली सोडले, म्हणून जाते फिरले. नहर मोडली तर उरेल तो नुसता देखावा.

तेव्हा संबंधितांनी नहरीचा मार्ग नकाशावर आखून पाणचक्कीच्या प्रवेशद्वारापाशी लावावा, जागोजागी फलक उभारावेत आणि त्या मार्गावर खोदकामाला परवानगी देण्यापूर्वी हा नकाशा पाहणे सक्तीचे करावे.

– एक वाचक, पुणे