वडगावच्या एका आईकडून तायक्वांदोच्या सरांना

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

समोर बोलायला उभी राहिले की तुम्ही "असू दे हो अक्का" म्हणून विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. ज्यांनी माझ्या लेकीला दारातून परत पाठवलं, त्यांच्याही हे वाचनात यावं असं मनापासून वाटतं.

तुम्हाला ठाऊक आहे, पण वाचणाऱ्यांसाठी सांगते. माझ्या मुलीला जन्मापासून डावा हात कोपराखाली नाही. पोरांच्या अंगात रग दिसली की तालमीत घालायचं, ही आमच्या बेळगावची जुनी रीत. आमच्या घरात तिच्या पणजोबांपासून कुस्ती आहे. पण कुस्तीचा सगळा खेळ पकडीवर, आणि हिची रग पायात. घरातली उशी भिंतीला टेकवून लाथा मारत बसायची.

म्हणून आधी एका क्लासला घातलं. त्यांनी फी घेतली, ड्रेसचे पैसे घेतले आणि तिला पॅड धरायला उभं केलं. बाकीची पोरं लाथा मारायची आणि ही एका हाताने पॅड सावरत मागे मागे सरकायची. बेल्टच्या परीक्षेची वेळ आली तेव्हा म्हणाले, "हिला नको बसवायला, पालकांसमोर बरं दिसत नाही." हे तिच्या देखत म्हणाले. दुसऱ्या एका ठिकाणी फोनवरच नकार मिळाला. शाळेत खेळाचा तास आला की हिच्या हातात गुण लिहायची वही. कुणी मारलं नाही की रागावलं नाही, पण माझी पोर हळूहळू बोलायची बंद झाली. तो राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही आणि तो गेला असं मी खोटं लिहिणार नाही.

तुमच्याकडे आलो तेव्हा मी सगळी कहाणी सांगायच्या तयारीत होते. तुम्ही ऐकून घेतलंत आणि मला साधा हिशोब सांगितलात. तायक्वांदोच्या लढतीत छातीवर ठोसा बसला तर 1 गुण, छातीवर लाथ बसली तर 2, डोक्यावर 3, आणि गिरकी घेऊन मारलेल्या लाथेला छातीवर 4, डोक्यावर 5. "अक्का, हा खेळच पायाचा आहे," म्हणालात. हात नसलेल्या खेळाडूंची वेगळी स्पर्धा असते, तिथे ठोशाला गुणच नाहीत आणि डोक्यावर लाथ मारायला बंदी, हेही तेव्हाच कळलं. टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये, 2021 साली, हा खेळ पहिल्यांदा आला आणि हरियाणाची अरुणा तंवर त्यात भारताकडून उतरली. त्या रात्री आम्ही मायलेकी मोबाईलवर तिची लढत शोधून पाहत बसलो.

पण सर, मी हे पत्र लिहितेय ते बेल्टसाठी.

दोबोकवर, म्हणजे तायक्वांदोच्या पांढऱ्या ड्रेसवर, पांढरा बेल्ट बांधायचा होता. मी पुढे झाले. तुम्ही हाताने थांबवलंत. मग स्वतःचा काळा बेल्ट सोडलात, डावा हात पाठीमागे कमरेत खोचलात आणि सगळ्या क्लाससमोर मॅटवर मांडी घालून एका हाताने बेल्ट बांधायला बसलात. जमेना. टोक निसटायचं, वेढा सैल पडायचा. शेवटी टोक दातात धरून ओढलंत तर गाठ उलटीच बसली. मोठी पोरं बघत होती, तुम्हाला त्याचं काही नव्हतं. माझी लेक थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "सर, तसं नाही, एक टोक इथे दाबायचं." आणि तिने कोपराने ते टोक पोटाशी दाबून दाखवलं. पुढचे वेढे तुम्ही दोघांनी मिळून शोधलेत. "आता तू शिकव, मी करतो," असं तुम्ही म्हणालात तेव्हा तिच्या तोंडावर जे आलं ते मी किती दिवसांनी बघत होते! घरी आल्यावर तिने पप्पांना दाखवलं. ते मागावर काम करतात, तुटलेल्या धाग्याची गाठ मारण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांनी ती गाठ सोडवली आणि परत बांधायला लावली, परत सोडवली. मग डोळे पुसायला आत गेले.

पुढचं तुम्ही शिकवलंत ते सगळं मला सांगता येणार नाही. दोल्यो चागी, म्हणजे बाजूने फिरवून मारायची लाथ, मात्र मी शेजारी बसून पाहिली आहे. लाथ जोरात गेली की हात उलट दिशेला झटकून तोल सावरायचा असतो. हिचा डावा हात आखूड, म्हणून डाव्या पायाची लाथ मारली की ती गरकन फिरून आपटायची. "हात विसर, उभ्या पायाची टाच बघ," एवढंच तुमचं पालुपद. गुडघा आधी वर, टाच समोरच्याकडे वळलेली, मग पाय. हाना, दुल, सेत, म्हणजे कोरियन भाषेतलं एक, दोन, तीन म्हणत ती अजून घरात तेच करते. आता पडत नाही.

आणि होगूच्या नाड्या! छातीवरचं ते चिलखत पाठीमागे बांधायचं असतं, दोन हातवाल्यालाही स्वतःचं स्वतः बांधता येत नाही. ते तुम्ही पहिल्याच दिवशी तिच्या लक्षात आणून दिलंत. आता ती छोट्या पोरांच्या नाड्या ओढून घट्ट करते.

आपल्या भागात कोण कुठल्या भाषेचं यावरून किती डोकी फुटली! तुमचं घर कानडी, आमचं मराठी. तुमच्या दारात कुणी ते विचारलं नाही, माझ्या लेकीचा हातही कुणी विचारला नाही. माणुसकी असलेली माणसं या सीमाभागात दोन्हीकडे पुष्कळ आहेत. त्यांची नावं कुठल्या बोर्डावर नसतात, म्हणून तरी कुणीतरी लिहायला हवं.

तुमच्या क्लासमधल्या दोन पॅडची कव्हरं फाटली आहेत. हिच्या पप्पांनी जाड कापड बाजूला काढून ठेवलंय, रविवारी सकाळी माप घ्यायला येतील. कृपा करून नाही म्हणू नका.

तुमच्या विद्यार्थिनीची आई,
वडगाव, बेळगाव