करवत आज बंद, म्हणून पत्र

केम्निट्स, जर्मनी,
रविवार, 7 डिसेंबर 2025

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी बरा आहे. खोकला गेला. थंडी आहे, पण घरात कळत नाही, आणि तू विणलेली कानटोपी मी वापरतो, आई, खरंच वापरतो. ऑफिस, जेवणखाण, सगळं तुम्हाला फोनवर कळतंच, ते परत लिहीत नाही. पत्र लिहायचं कारण वेगळं. ऑफिसातला एक पुण्याचा मुलगा 19 तारखेला घरी निघालाय आणि त्याच्या बॅगेत माझा एक खोका येणार आहे. खोक्यात दिवा आहे, लाकडाचा, मी स्वतः करवतीने कापून केलेला. नुसता दिवा हातात पडला असता तर हे काय, कशासाठी, किती पैसे घातलेस, असं तुम्ही विचारलंच असतं. म्हणून सगळं लिहून दिव्याबरोबरच ठेवतोय.

आधी अंगठ्याचं. मागच्या शनिवारी व्हिडिओवर पट्टी दिसली आणि तू रात्रभर झोपली नाहीस, असं मनीने सांगितलं. आई, ते करवतीने झालेलं नाही. पुठ्ठा कापताना सुरी लागली, तेवढंच. ही करवत तुझ्या डोळ्यांसमोर येते तशी गोल, गरगर फिरणारी नसते. स्क्रोल सॉ म्हणतात तिला. टेबलाएवढ्या उंचीवर एक छोटं लोखंडी पाट, त्यातून एक पातं उभं जातं आणि शिलाई मशीनच्या सुईसारखं नुसतं खालीवर होतं. पातं 13 सेंटीमीटर लांब आणि सुतळीपेक्षा बारीक. करवत जागची हलत नाही, लाकूड आपण हाताने फिरवायचं. जोर दिला तर पातं तुटतं आणि काम थांबतं. बोटं पात्याच्या रेषेत ठेवायची नाहीत, बाजूला ठेवायची, हा नियम मी पाळतो. डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क, कारण भुसा पिठासारखा बारीक उडतो. आता झोप नीट.

पैशाचंही सांगून टाकतो. करवत जुनी, वापरलेली, 60 युरोला मिळाली. दर महिन्याच्या पैशांतून एक रुपया कमी केलेला नाही. आणि बाबा, तुम्ही म्हणालात, वेळ नाही म्हणतोस आणि सुतारकाम करत बसतोस. बहिणीच्या, मनीच्या साखरपुड्याला यायला वेळ नव्हता आणि दिव्याला होता, असं नाही हो. माझं इथल्या वास्तव्याचं कार्ड नूतनीकरणाला गेलेलं होतं, ते हातात आल्याशिवाय बाहेर पडलो असतो तर परत येताना अडकलो असतो. दिव्याचं काम रोज संध्याकाळी तासभर, तळघरात. इथे डिसेंबरात चार वाजता अंधार पडतो. घरी आल्यावर भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा ते बरं वाटतं.

आज मात्र करवत बंद. रविवार आहे ना. हे तुम्हाला नीट सांगायला हवं, कारण मलाच समजायला वर्ष गेलं. इथे रविवारी आवाज करायचा नाही. दुकानं बंद असतात हे तुम्हाला माहीत आहे, पण त्याच्याही पुढे आहे हे. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, ड्रिल लावायचं नाही, गवत कापायचं मशीन चालवायचं नाही. काचेच्या रिकाम्या बाटल्या टाकायला चौकात मोठे डबे असतात, त्यातसुद्धा रविवारी बाटली टाकायची नाही, कारण फुटल्याचा आवाज होतो. आणि हे कुणा एका सोसायटीचं खूळ नव्हे, रविवारची शांतता त्यांच्या राज्यघटनेत आहे! 1919 च्या जुन्या घटनेतलं कलम त्यांनी आजच्या घटनेत तसंच घेतलंय. रात्री दहा ते सकाळी सहाही शांतता, आणि आमच्या इमारतीच्या नियमांत दुपारी एक ते तीनसुद्धा. म्हणजे नोकरी करणाऱ्याला करवत चालवायला उरतात त्या संध्याकाळी आणि शनिवारचा थोडा वेळ. आपल्याकडे रविवार म्हणजे राहिलेली सगळी ठोकाठोक करायचा दिवस, मला हे कसं सुचणार? पहिल्याच रविवारी तळघरात करवत सुरू केली आणि पाच मिनिटांत तळमजल्यावरचे आजोबा जिना उतरून आले. रागावले नाहीत. घड्याळाकडे नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नुसतं बोट दाखवलं. मी बंद केली. मला वाटलं, संपलं, आता तक्रार जाणार. तर सोमवारी संध्याकाळी तेच परत आले, हातात त्यांची स्वतःची हातकरवत घेऊन. धनुकलीसारखी, बारीक पात्याची. इथे शाळेत मुलांना ती शिकवायचे म्हणे.

आजोबा 84 वर्षांचे आहेत. तरुणपणी इथल्या युरेनियमच्या खाणीत होते. केम्निट्सच्या दक्षिणेला डोंगर आहेत, एर्ट्सगेबिर्ग, नावाचा अर्थच धातूंचे डोंगर. 1168 साली फ्रायबेर्गला चांदी सापडली आणि तेव्हापासून शेकडो वर्षं सगळा मुलूख खाणींवर जगला. आधी चांदी, मग कथील, कोबाल्ट, शेवटी युरेनियम. आजोबा अजूनही जिन्यात भेटले की ‘ग्ल्युक आउफ’ म्हणतात, तो खाणकामगारांचा नमस्कार. खाली गेलेला माणूस धडपणे वर येवो, असा त्यात भाव आहे. झायफन नावाचं एक गाव आहे तिथे. कथील संपत आल्यावर माणसांनी लाकूड हातात घेतलं आणि आता ते गाव लाकडी खेळण्यांसाठी ओळखलं जातं. बाबा, तुम्हाला तिथे एकदा न्यायचं आहे मला. लेथवर लाकडाचं कडं अशा बेताने घडवतात की त्याच्या फोडी केल्या की प्रत्येक फोडीतून एकेक घोडा नाहीतर गाय निघते. तुम्ही तासभर हलणार नाही तिथून.

तर हा दिवा त्या डोंगरांतला. श्विबबोगन म्हणतात. अर्धगोल कमान, वर मेणबत्त्या, आत कोरलेली चित्रं. ख्रिसमसच्या आधीच्या चौथ्या रविवारपासून हा प्रत्येक खिडकीत लागतो, तोंड रस्त्याकडे करून. आमच्या समोरच्या अकरा मजली इमारतीत संध्याकाळी बघितलं तर एकही खिडकी दिव्यावाचून नाही. थंडीच्या दिवसांत खाणकामगार अंधारात उतरायचे आणि अंधारातच वर यायचे, सूर्य दिसायचा नाही, म्हणून उजेडाची एवढी ओढ, असं सांगतात. कमान म्हणजे खाणीचं तोंड, असंही म्हणतात. सर्वांत जुना जो टिकलाय तो 1740 सालचा, योहानगेऑर्गनश्टाट गावचा, लोहाराने घडवलेला, लोखंडाचा. लाकडाचे मागाहून आले. सगळीकडे दिसतं ते चित्र पाउला योर्डान नावाच्या बाईंनी 1937 मध्ये काढलेलं: दोन खाणकामगार, एक लाकूड कोरणारा, एक लेस विणणारी बाई. म्हणजे देव नाहीत, राजे नाहीत, गावात जी कामं चालतात ती करणारी माणसं. मला ते फार आवडलं.

मी तेच चित्र कापायला घेतलं होतं. आजोबा म्हणाले, हे तर दुकानात मिळतं, तू तुझ्या घरचं काप. मग आठ दिवस नुसतं कागदावर खोडत बसलो. आता दिव्यात डावीकडे बाबा आहेत, कंदिलाच्या कामट्या बांधताना. उजवीकडे आई, रांगोळीला वाकलेली. मध्ये तुळशीवृंदावन आणि त्याला टेकून मनी. दोन चिमण्याही आहेत, त्या जागा भरायला. मी त्यात नाही. आई, तू शोधशील म्हणून आधीच सांगतो. जागा उरली नाही.

यातली खरी अडचण सांगतो, बाबांना समजेल. जाळीकामात कुठलाच तुकडा सुटा राहून चालत नाही. जे कापून काढायचं त्याच्या आत भोक पाडायचं, पातं वरून सोडवायचं, भोकातून ओवायचं, परत ताणून बसवायचं आणि मग रेषेवरून जायचं. पण जे ठेवायचं ते कुठे ना कुठे दुसऱ्याला चिकटलेलं हवं, नाहीतर गळून पडतं. म्हणून आईचा पदर वृंदावनाला लागलाय, मनीची वेणी कमानीपर्यंत ताणलीय, बाबांचा कंदील वरून लोंबतोय. पहिल्या वेळी रांगोळीचे ठिपके गळून गेले, तेव्हा कळलं. दुसऱ्या खेपेला ठिपक्यांच्या जागी नुसती भोकंच पाडली. उजेड तिथून येतो आणि ठिपके दिसतात, जास्तच छान. पातं ओवायला पाडलेली भोकं मात्र एकूण 83 आहेत, म्हणजे 83 वेळा पातं सोडवलं आणि ताणलं. ताण बरोबर बसला की बोटाने छेडल्यावर पातं एकतारीसारखं बारीक वाजतं. सैल असलं तर आवाज बद्द येतो आणि रेषा वाकडी जाते. पातं थोडं उजवीकडे ओढतं, म्हणून लाकूड किंचित तिरकं धरून पुढे सारावं लागतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, चार फळ्या वाया गेल्यावर हाताला आपोआप कळलं. वर पारदर्शक चिकटपट्टी लावली की लाकूड जळत नाही, ही युक्ती मात्र आजोबांची. आतली बारीक कामं आधी, बाहेरची कमान सर्वांत शेवटी. बाहेरचा आकार आधी कापला तर धरायला काही राहत नाही.

लाकूड बर्चचं, चार मिलिमीटरचं प्लायवूड. दोन फळ्या एकावर एक चिकटवून एकदमच कापल्या. त्यामुळे दोन दिवे झाले, अगदी एकसारखे. एक माझ्या खिडकीत आहे, एक खोक्यात. तुमच्या दिव्यात बाबांच्या कोपरापाशी रेषा थोडी चुकलीय, तशीच माझ्याही दिव्यात चुकलीय.

मग पॉलिश पेपर, आधी 180 चा, मग 240 चा, आणि त्यावर जवसाचं तेल. बाबा, हे लक्षात ठेवा, तुम्हीही दारांना तेच लावता. तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकायची नाही. तेल वाळताना गरम होतं आणि चुरगाळलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. मोकळी पसरून बाहेर वाळवायची, मगच टाकायची. मला माहीत नव्हतं. आजोबांनी माझ्या हातातून चिंधी काढून घेतली आणि अंगणातल्या दोरीवर टाकली.

आता दिवा कसा लावायचा ते. मागे पातळ दुधी कागद आहे आणि त्यामागे एलईडीची पट्टी. मेणबत्त्या खऱ्या नाहीत, कमानीत सात ज्योती कोरल्यात, त्यांतून उजेड दिसतो. पाच व्होल्टचं काम आहे, मोबाईलच्या चार्जरला लावायचं, शॉक बसत नाही, तापतही नाही. आई, देवघरात ठेवू नकोस आणि कपाटात जपून तर मुळीच ठेवू नकोस. रस्त्याकडच्या खिडकीत ठेव, तोंड बाहेर. पाऊस लागू द्यायचा नाही, बाकी काही नाही. मी चार वाजता माझा लावतो, तेव्हा तुमच्याकडे साडेआठ झालेले असतात, तुमचं जेवण चाललेलं असतं. त्याच वेळी लावलात तर बरं. इथे लोक दोन फेब्रुवारीपर्यंत ठेवतात. तुम्ही हवा तेवढा ठेवा.

मनीच्या लग्नाचं. चार लाख म्हणालो होतो, ते देणारच आहे. अडीच लाख 20 तारखेपर्यंत बाबांच्या खात्यात येतील, उरलेले मार्चमध्ये. शैक्षणिक कर्जाचे आता 11 हप्ते राहिलेत, ते थांबवलेले नाहीत. बाबा, तुम्ही एफडी मोडायचा विषय काढलात असं मनी म्हणाली. कृपा करून मोडू नका. हॉलचा आगाऊ द्यायला कमी पडत असेल तर मला सांगा, मी इकडून व्यवस्था करतो, नक्की करतो. अधिक महिना लागायच्या आत म्हणून तुम्ही मेच्या पहिल्या आठवड्यातली तारीख धरलीत ते चांगलं केलंत. सुट्टीचा अर्ज मी त्याच दिवशी दिला. 12 दिवस मिळालेत, जाण्यायेण्याचे धरून. म्हणजे हळदीच्या आदल्या रात्री पोहोचेन. मांडवाच्या कामाला मी नसणार, हे मला माहीत आहे. काकांना सांगा, माझ्या वाटणीचं त्यांनी करावं, आणि पाठवणी झाल्यावरचे चार दिवस मी घरी तुमच्याजवळच असेन, कुठेही जाणार नाही.

आत्याने पाठवलेली पत्रिका मिळाली. मुलीचा फोटोही पाहिला. नाही म्हणत नाही, पण मनीचं होऊ दे आधी. आत्याला माझ्याकडून राग येईल असं काही बोलू नका. मे मध्ये आलो की मी स्वतः तिच्याकडे जाऊन बसतो.

साखरपुड्याचे फोटो मनीने पाठवले, सगळे पाहिले. भावाच्या जागी मामेभाऊ उभा होता, छान दिसत होता. बाबा, तुम्ही बारीक झालायत का? डॉक्टरांकडे जाऊन या. मला फोनवर ‘सगळं ठीक’ एवढंच सांगू नका, रिपोर्टचा फोटो पाठवा.

मनीला अनेक आशीर्वाद. तिला म्हणावं, वेणी जरा लांब झालीय, तेवढं चालवून घे.

तुमचा,
बाळू

ता. क. : खोका उघडताना सुरी खोल घालू नका, वरच्याच थराला दिवा आहे. पट्टीची वायर डाव्या पायामागे गुंडाळलीय. आणि पहिल्यांदा लावाल तेव्हा बाहेर रस्त्यावर जाऊन एक फोटो काढून पाठवा, खिडकी पूर्ण दिसेल असा.