बंदुकीचा कायदा मोबाईलवर शिकवा, बंदूक नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेत पिस्तूल अंगावर झाकून बाळगायचं परमिट काढायला क्लास ऑनलाइन चालावा की समोर जाऊनच करावा, यावर आपल्या पेपरात आलं होतं. ते वाचून आमच्याकडं, म्हणजे खानापूर तालुक्यात, सकाळी डेअरीसमोर जी मंडळी जमतात त्यांच्यात दोन पार्ट्या पडल्यात. जास्त मतं 'आपल्याकडं पण करून टाका की ऑनलाइन, बेळगावला हेलपाटे कोण घालणार' या बाजूला आहेत. मी फौजेतनं रिटायर झालेला माणूस, बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या सेंटरलाच रंगरूट होतो आणि पुढं तिथंच काही काळ उस्ताद म्हणून पोरांना हत्यार शिकवलं, त्यामुळं यात तोंड घातल्याशिवाय राहवेना.

आधी अमेरिकेचं सांगतो कारण लोकांना वाटायलंय तिथं सगळं मोबाईलवरच होतं. तसं काय नाही ओ. तिथं राज्य बदललं की नियम बदलतो, निम्म्याहून जास्त राज्यांत तर आता झाकून बाळगायला परमिटच लागत नाही, ते आणि वेगळंच. व्हर्जिनियात बरीच वर्षं घरी बसून व्हिडिओ बघायचा, चार प्रश्नांवर टिक करायची आणि सर्टिफिकेट प्रिंट मारायचं असं चालायचं, पिस्तुलाला बोट न लावता. १ जानेवारी २०२१ पासनं त्यांनी ते बंद केलं, आता समोर जाऊनच शिकावं लागतं. न्यूयॉर्कनं २०२२ ला कायदा बदलून १६ तास वर्ग आणि वर २ तास प्रत्यक्ष फायरिंग असं घातलं. टेक्सासनं मधला रस्ता काढलाय. आमचा भाचा तिकडं डॅलसला असतो, तिथला सिटिझन झालाय, त्यानं हे केलंय म्हणून मला माहीत. कायद्याचा भाग चार ते सहा तासांचा, तो २०१९ पासनं ऑनलाइन करता येतो, पण मग रेंजवर इन्स्ट्रक्टरसमोर जाऊन ५० राउंड, म्हणजे गोळ्या, मारावे लागतात, ३, ७ आणि १५ यार्डावरनं, म्हणजे नऊ फूट, एकवीस फूट आणि पंचेचाळीस फूट. २५० पैकी १७५ मार्क पडले तर पास. २०२१ पासनं टेक्सासमध्ये पण परमिटची सक्ती राहिलेली नाही, तरी दुसऱ्या राज्यात जाताना उपयोगी पडतं म्हणून लोक काढतात.

आता आपल्याकडं. पुष्कळांना हे ठाऊकच नाही की २०१६ च्या आर्म्स रूल्समध्ये लायसन मागणाऱ्यानं सेफ्टी ट्रेनिंगचा कोर्स करायचा असं स्पष्ट लिहिलंय. हत्यार हाताळायचं कसं, बाळगायचं कसं, फायर कसं करायचं, निगा, घरात कुठं ठेवायचं, नेआण कशी करायची, सगळं त्यात आलं, आणि मग एस-१ फॉर्मवर सर्टिफिकेट. त्याच रूल्सप्रमाणं पिस्तूल रिव्हॉल्वर सार्वजनिक जागी न्यायचा तर होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेला, वर तो तुमच्या ताब्यात पाहिजे. म्हणजे झाकून नेणं ही काय फक्त अमेरिकेची गोष्ट नाही. लग्नाच्या वरातीत कमरेचा काढून मिरवणाऱ्यांनी हे वाचावं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात हवेत बार काढून लोकांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत जेल किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, हे पण.

हा जो कायद्याचा भाग आहे तो ऑनलाइन करायला माझी अजिबात ना नाही. उलट करावाच. एकवीस वर्षं पुरी पाहिजेत, एका माणसाला आता दोनच हत्यारं, लायसन पाच वर्षांचं, पीक राखायच्या बंदुकीनं गव्यावर बार टाकलास तर वाइल्डलाइफच्या कायद्यात अडकशील, हे सांगायला कणकुंबीच्या माणसाला एसटीत बसवून बेळगावला कशाला आणायचं. आमच्या इथं तर सीमाभागाचं वेगळंच दुखणं, लायसन कर्नाटकाचं, घर अलीकडं आणि शिवार महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात. लायसनवर क्षेत्र लिहिलेलं असतं, जिल्हा का राज्य का पूर्ण भारत, हे न बघताच बंदूक खांद्याला लावून बांध ओलांडणारे लोक मला माहीत आहेत. असल्या गोष्टी व्हिडिओत नकाशा काढून दाखवल्या तर दहा मिनिटांत कळतील. आणि तो व्हिडिओ मराठीत पण पाहिजे, कन्नडात पण पाहिजे. वर्गात सगळं कन्नडातनं सांगितलं की जांबोटी भागातले म्हातारे माना हलवतात आणि सही करून येतात, विचारलं तर म्हणतात काय सांगितलं देव जाणे. हा सीमावाद नव्हे, बंदुकीची सूचना माणसाला समजली पाहिजे एवढंच माझं म्हणणं.

पण हत्यार हातात घेणं, ते मोबाईलवर नाही येत. का ते सांगतो.

पिस्तूल खाली, म्हणजे रिकामं, करायला सांगा नव्या माणसाला. तो काय करतो, आधी स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, ओढतो, एक राउंड टणकन बाहेर पडतो, त्याला बघून माणूस खूश, मग मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढून टेबलावर ठेवतो आणि म्हणतो खाली आहे. कुठं खाली? स्लाइड पुढं जाताना तिनं मॅगझिनमधला दुसरा राउंड नळीत नेऊन बसवलाय. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड ओढायची, धरून ठेवायची, चेंबरमध्ये, म्हणजे नळीत गोळी बसते तिथं, डोळ्यानं बघायचं, बोट घालून चाचपायचं. हा क्रम व्हिडिओत बघून परीक्षेत सगळे बरोबर लिहितील, शंभरातले शंभर, आणि हातात दिलं की त्यातलेच लोक उलटं करतील. मी हे सेंटरला बघितलंय, पोरं हुशार होती, तरी. म्हणून तर फौजेत 'जाँच शस्त्र' 'बोल्ट चला' हे तोंडानं ओरडून रोज करून घेतात, स्वप्नात सांगितलं तरी हात बरोबर चालला पाहिजे. आणि बोट. नव्या माणसाचं बोट आपोआप चापावर जातं, त्याला स्वतःला कळत पण नाही, शेजारी उभा असलेला उस्तादच ते बघतो आणि मनगटावर हाणतो. मोबाईल कुणाचं बोट बघणार?

दुसरं, फुसका बार. आमच्या कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात पाऊस किती पडतो सगळ्यांना ठाऊक आहे, काडतुसं कपाटात दोन-तीन पावसाळे काढतात, मग दारू सर्द होते. रानडुकरावर बार टाकला आणि आवाज धाड न येता फुस्स आला, धक्का पण कमी बसला, तर माल, म्हणजे गोळी-छर्रे, नळीतच अडकलेला असू शकतो. घाईत माणूस पुढचं काडतूस घालून परत चाप ओढतो आणि नळी फुटते, डावा हात जातो. चाप ओढला आणि काहीच झालं नाही तरी लगेच उघडायचं नाही, तोंड समोर धरून अर्धा मिनिट तरी थांबायचं, कारण कधीकधी बार उशिरा उडतो. आता हा कमी आवाज आणि कमी धक्का तुम्ही स्पीकरवर कसा शिकवणार? ज्यानं नीट भरलेला बार आधी खांद्यावर घेतलाय त्यालाच कमी कशाला म्हणतात ते कळतं.

तिसरं एक आमच्याकडचंच. इलेक्शन लागलं की बंदुका पोलीस स्टेशनात जमा करा म्हणून ऑर्डर येते. ऐन डुकरांच्या दिवसांत जमा होतात त्यावर वेगळं पत्र होईल, ते राहू दे. परत मिळते तेव्हा नळी गंजलेली असते, आणि एकदा तर एकाच्या दुनळीत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं मी स्वतः पुलथ्रू, म्हणजे नळी साफ करायची दोरी, घालून काढलंय, वाळून दगड झालेलं. तो गडी तशीच भरून निघाला होता रानात. नळी उजेडाकडं धरून आरपार बघायची सवय कुणीतरी उभं राहून लावावी लागते. दुनळीचा एक बार काढल्यावर दुसरी नळी अजून भरलेलीच आहे हे विसरून बांधावरनं उडी मारणारे तर विचारू नका.

इथवर वाचून कुणी म्हणेल उस्ताद समोरच्या क्लासची लय तारीफ करायलाय. तर तसंही नाही. एका ठिकाणचा समोरासमोरचा वर्ग मी बघितलाय, गावाचं नाव सांगत नाही. खुर्च्या, चहा, उप्पीट, एक तासाचं भाषण, एक जुनी रायफल सगळ्यांच्या हातातनं फिरली, फोटो झाला, सर्टिफिकेट वाटली. फायरिंग? 'राउंड आले नाहीत' म्हणे. हा असला वर्ग आणि व्हर्जिनियाचा तो बंद पडलेला व्हिडिओ यात फरक उप्पीटाचाच. उलट कर्नाटकात जिल्हा पोलीस नागरिकांसाठी बंदूक ट्रेनिंगची शिबिरं घेतात, तसल्या एका शिबिरात मी एक कन्नड हवालदार बघितला, मराठीचा एक शब्द येत नव्हता त्याला, पण एकेका शेतकऱ्यामागं आडवा पडून खांद्यात बट कसा बसवायचा, श्वास कुठं धरायचा ते हातानं दाखवलं, आणि सगळ्यांना समजलं.

म्हणून वाद ऑनलाइन का ऑफलाइन असा घालण्यात काही अर्थ नाही असं मला वाटतं. कायदा ऑनलाइन, दोन्ही भाषेत, घरच्या घरी, परीक्षा पण तिथंच घ्या. मग रेंजवर एक दिवस, आणि त्या दिवशी माणसानं स्वतः खाली करणं, भरणं, अडकलेलं सोडवणं आणि फायर करणं हे शिकवणाऱ्यासमोर करून दाखवायचं, नाही जमलं तर परत या. टेक्सासची मंडळी नऊ फुटांवरनं पण मारून बघायला लावतात ते मला बरोबर वाटतं, आपल्याकडं सराफ, खडीवाले, पैसे ने-आण करणारे लोक .३२ चा रिव्हॉल्वर मागतात त्यांचा प्रसंग आला तर खोलीएवढ्याच अंतरावर येणार. कानपूरचा .३२ वरनं मोडून उघडतो, सहा काडतुसं एकदम बाहेर येतात, एवढं तरी घेणाऱ्यानं पैसे भरायच्या आधी हातानं करून बघितलेलं असावं. आणि रिन्युअलला फक्त चलन आणि फोटो न घेता परत एकदा रेंजवर न्यावं, पाच वर्षांत डोळे बदलतात, हात थरथरतो, साखर लागते, कागदावर त्यातलं काही दिसत नाही.

राउंडचा खर्च कोण करणार म्हणून विचारतील. लायसन घेणाऱ्यानं करावा की, दीड-दोन लाखाचं हत्यार घेणाऱ्याला त्याचं ओझं नाही. पीक राखणाऱ्या गरीब शेतकऱ्याचा मात्र सरकारनं उचलावा, भीमगड अभयारण्याच्या कडेच्या गावांतनं डुक्कर काही त्यानं बोलावलेलं नाही. शिकवणाऱ्या माणसांचं म्हणाल तर बेळगावच्या आसपास एकेका गावात किती रिटायर फौजी आहेत ते मोजा, येळ्ळूर-सांबऱ्यापासनं नंदगडपर्यंत, अर्धे एटीएमसमोर खुर्ची टाकून बसायलेत. डीसी ऑफिसनं, म्हणजे जिल्हाधिकारी कचेरीनं, बोलावलं तर आम्ही काहीजण मानधन न घेता यायला तयार आहोत, तसा अर्ज पण देतोय या आठवड्यात. आपण हे छापलं तर अर्ज टेबलावरनं लवकर हलेल.

आपला,
एक माजी सैनिक
(ता. खानापूर, जि. बेळगाव)