नम्रतेचा उपदेश कोणी कोणाला करायचा?

महोदय,

पंडिता रमाबाईंच्या स्मृतिदिनानिमित्त (५ एप्रिल) आपल्या दैनिकात आलेला मजकूर वाचला. शारदा सदन, बालविधवा, दुष्काळातल्या मुली, केडगावचे मुक्ती मिशन हे सगळे त्यात होते आणि ते यायलाच हवे. पण ही बाई देवापुढे कशी उभी राहत होती, ते दरवर्षी राहूनच जाते. मी ख्रिस्ती आहे. सारी नोकरी मराठी शिकवण्यात गेली, आता रविवारी चर्चमधल्या मुलांची संडे स्कूल घेते. रमाबाईंची देवापुढची नम्रता मला त्यांच्या विद्वत्तेहून मोठी वाटते. आमच्याच मंडळ्यांत, म्हणजे गावोगावच्या चर्चच्या समुदायांत, आज या नम्रतेचा उलटा अर्थ लावला जातो, म्हणून हे पत्र.

हजारो संस्कृत श्लोक मुखोद्गत असलेल्या या तरुणीला १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे तिचा बाप्तिस्मा झाला. पुढे देशोदेशी नाव झाले, संस्था उभी राहिली. एवढे झाल्यावर १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत, म्हणजे श्रद्धेविषयीच्या आत्मकथनात, त्या सांगतात की, बाप्तिस्म्याच्या वेळी मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो काही वर्षांनी भेटला. ज्या बाईच्या बाप्तिस्म्याची चर्चा साऱ्या महाराष्ट्रात झाली, तिने हे छापून सांगावे! त्यांना गप्प राहता आले असते, कोणी विचारायला येणार नव्हते. पण देवापुढे आपली विद्या आणि कीर्ती जमेस धरायची नाही, हे त्यांच्या मनाने घेतले होते.

आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात त्यांनी हाती घेतले ते बायबलचे भाषांतर. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून, आणि तेही खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत. ज्यांना संस्कृतप्रचुर मराठीचा डोंगर रचणे सहज जमले असते, त्यांनी बोजड शब्द वेचून वेचून बाजूला ठेवले. मराठीची शिक्षिका म्हणून सांगते, ते भाषांतर काही ठिकाणी खडबडीत लागते, मुळाला फार धरून चालते. पण ते कोणासाठी केले आहे, हे पानोपानी जाणवते. छपाईसुद्धा मुक्तीच्याच छापखान्यात झाली. खिळे जुळवायला होत्या तिथे आसरा घेतलेल्या बायका, घराने आणि समाजाने टाकून दिलेल्या. जुलै १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर आले. छापलेले पुस्तक त्यांनी पाहिले नाही.

हीच बाई माणसांपुढे मात्र वाकत नव्हती. इंग्लंडात असताना धर्मसिद्धांतांवरून तिने वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीनशी पत्रांतून वाद घातला. पुरुषांना शिकवण्यास बिशपांनी हरकत घेतली, तीही तिने मुकाट्याने मानली नाही. आपली सदसद्विवेकबुद्धी ती कोणाकडे गहाण टाकायला तयार नव्हती. मला यात विसंगती दिसत नाही. जो खरोखर देवापुढे गुडघे टेकतो, त्याला दर माणसापुढे टेकावे लागत नाहीत.

आता आमच्याकडचे सांगते. जिल्ह्यातल्या एका मंडळीच्या वार्षिक सभेला मी हजर होते. कापणीच्या सणाला लोक वेदीपुढे जे आणून ठेवतात, त्याचा उपासनेनंतर लिलाव होतो. मेथीच्या जुड्या, भोपळा, पाटीभर ज्वारी, कोणाची अंडी, कोणाची कोंबडी. चढी बोली लावणाऱ्याचे नाव माइकवर तीन-तीनदा पुकारतात. ज्या म्हातारीने सकाळी पदराखालून अंडी आणून ठेवली, तिचे नाव कोणी घेत नाही आणि तिलाही त्याचे काही वाटत नाही. सभेत एका मुलीने उभे राहून विचारले, या लिलावाचे पैसे किती जमले आणि कुठे खर्च झाले? साधा प्रश्न, आवाजही साधा. पुढच्या खुर्चीवरून उत्तर आले, ‘बाळ, ख्रिस्ती माणसाने नम्र असावे. देवाच्या घरात हिशेब मागू नये.’ दोघे-चौघे ‘आमेन’ म्हणाले. मुलगी खाली बसली. तिच्या हातातल्या वहीवर तिने आकडे मांडून आणले होते, ते मी शेजारून पाहिले.

हे ऐकून मला फार वाईट वाटले, आणि रागही आला. प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले तेव्हा टॉवेल कमरेला बांधला तो गुरूने, शिष्यांनी नव्हे. येशूने सांगितलेल्या परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणारा) आणि जकातदाराच्या दाखल्यात मंदिरात उभे राहून शेजाऱ्याकडे बोट दाखवतो तो परूशी; जकातदार छाती पिटून फक्त स्वतःबद्दल बोलतो. शास्त्रात नम्रता दुसऱ्याला बजावायचा हुकूम म्हणून येत नाही. ज्याच्या हातात किल्ल्या, माइक आणि पावतीपुस्तक आहे, त्याच्याकडून ती आधी मागितलेली आहे. नाहीतर विधवा, सुना, तरुण पोरे यांना गप्प बसवण्यासाठी देवाचे नाव वापरले जाते, आणि याला मी नम्रता म्हणणार नाही. मंडळीतली तरुण मुले दूर जातात ती बायबलच्या वचनाला कंटाळून नव्हे, अशा उत्तरांमुळे जातात, असे माझे मत आहे.

पाळकसाहेबांना आणि सर्व मंडळ्यांच्या पंचांना माझी हात जोडून विनंती आहे: यंदाच्या कापणीच्या सणाचा जमाखर्च उपासनेनंतर त्याच माइकवरून वाचून दाखवावा आणि एक प्रत दाराशी लावावी. त्या मुलीचा प्रश्न सभेच्या इतिवृत्तात नोंदलेला नाही. तो नोंदवावा आणि पुढच्या सभेत पहिला घ्यावा.

– एक निवृत्त शिक्षिका, श्रीरामपूर (जि. अहिल्यानगर)