बार्सिलोनातल्या त्या अनोळखी मंडळींना थँक्यू

ला मर्सेच्या उत्सवात सप्टेंबरात इथे कोरेफोक असतो, सैतानाच्या वेशातली माणसं काठीला गरगर फिरणारे फटाके लावून गर्दीत घुसतात, तिथे ज्यांनी मला आणि आईला सांभाळलं त्यांची नावं माहीत नाहीत म्हणून इथेच आभार मानते. लांब बाह्यांचे सुती कपडे, टोपी, कानात बोळे, आमची सगळी तयारी होती (नायलॉन घालून येणाऱ्यांना तर आत सोडूच नये), पण ढोल सुरू झाले आणि मागून असा काही रेटा आला की आई थेट ठिणग्यांखाली. एका आजींनी पटकन स्वतःचा सुती रुमाल तिच्या मानेभोवती गुंडाळला, एका दादाने तिच्या खांद्यावरची ठिणगी उघड्या हाताने झटकली, त्याच्या शर्टाला आधीचीच पाच-सहा भोकं होती, बहुतेक दरवर्षी तोच घालत असणार, आणि दोन पोरं आम्हाला दुकानाच्या शटरपाशी नेऊन गर्दीकडे पाठ करून उभी राहिली, मिरवणूक पुढे जाईपर्यंत हललीच नाहीत. आईला साधा चटकाही बसला नाही. खूप खूप थँक्यू! आजींचा रुमाल मात्र आमच्याकडेच राहिलाय, कुणी ओळखत असेल तर प्लीज कळवा.